जनरल रजिस्टर, अनुक्रमांक २१४

जांभुळकोपात सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो.
माझा, माझ्या तिन्ही भावांचा,
खानापुरात टायरचं दुकान काढलेल्या अल्लाबक्षचा,
एवढंच काय, मशिदीतल्या बांगीसाबचाही.
मकानदार गुरुजींची ती कृपा.
पोर आणलं की त्याचा उजवा हात
डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, बघायचे.
कान सापडला, की सहा वर्षं पूर्ण.
मग दौतीत टाक बुडवून
एक जून.

गुरुजी जाऊन सव्वीस वर्षं झाली.
त्यांच्या खुर्चीचा एक हात
त्यांच्याआधीच गेला होता.
तीच खुर्ची आता माझी.
फाटकावरची पाटी कानडी, आतले पाढे मराठी,
आणि मधल्या सुट्टीतली भांडणं
आमच्या घरच्या बोलीत.
पटावर एकोणीस पोरं.
विसाच्या खाली गेलं की वरून पत्र येतं,
तसं ते आलंय:
जुने दप्तर तपासून पटसंख्या सालवार कळवावी.

रविवारी पत्र्याची पेटी उघडली.
वाळवीनं अडुसष्ट साल अख्खं खाल्लंय.
एकोणसत्तरपासून माणसं लागतात.
एक्क्याण्णव, मीरासाब सनदी, पुढं हवालदार.
लडाखहून आणलेले बूट घालून
जन्मभर चिखलात भात लावला त्यांनी.
एकशे चाळीस, लाडसाब नदाफ.
कापूस पिंजायचा आणि निखळलेली हाडं बसवायचा,
बैलाची काय, माणसाची काय, पैसे तेवढेच.
शेरा: गणितात हुशार, फार बोलतो.
एकशे अठ्ठ्याहत्तरवर शाई सांडलीय.
तो कोण होता,
गावात कुणालाच आठवेना.

दोनशे चौदा.
जैतून इमामसाब जमादार.
जन्म: एक जून.
मातृभाषेच्या रकान्यात गुरुजींनी काहीतरी लिहून खोडलंय,
वर दुसरं लिहिलंय, तेही खोडलंय.
हजर दिवस: अकरा.
नाव कमी करण्याचं कारण: लहान भाऊ सांभाळणे.

तो लहान भाऊ म्हणजे माझा मामा.
मडगावात गवंड्याच्या हाताखाली विटा वाहून
त्यानंच माझी डीएडची फी भरली.
हे कुठल्या रकान्यात घालायचं,
रजिस्टरात तशी सोय नाही.

पिशवीत घालून ते घरी नेलं.
नियमात बसत नाही, पण नेलं.
अम्मा सुपात तांदूळ निवडत होती.
वाचून दाखवलं.
नाव ऐकताना तिनं पदर सारखा केला,
जणू कुणी पाहुणं आलंय.
मग म्हणाली, "ग्यारा नै. बारा."

बाराव्या दिवशी ती गेली होती.
कडेवर मामा.
दाराला कुलूप.
पायरीवर बसली, गुरुजी आत्ता येतील म्हणून,
सावली पायरीवरून उतरून चिंचेखाली जाईपर्यंत बसली.
मामानं दोनदा फ्रॉक भिजवला.
"दारपे खडूसे कुछ तो लिखेला था," ती म्हणाली,
"मैं देखतीच बैठी."
आणि सुपातले तांदूळ तळहातानं सपाट करून
तिनं बोट फिरवलं.
सावकाश, कुठं काना, कुठं वेलांटी,
मध्ये थांबून, पुसून, पुन्हा.
पन्नास वर्षं जपलेली नक्षी.
मला ती उलटीकडून दिसत होती.
उठून तिच्या बाजूला जाऊन बसले, तेव्हा लागली.

आज सुट्टी.

मी वाचलं.
तिनं सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
एक खडा उचलून बाहेर टाकला.
"ऐसा क्या," म्हणाली.
"तो फिर ग्याराच सई है."
आणि सूप हलवलं.